रेन लिलीच्या जाती ओळखताना

मृगाच्या सरी पडून गेल्यावर चार-सहा दिवसांत पुण्या-मुंबईच्या बागांतून आणि कुंपणालगतच्या वाफ्यांतून जी गुलाबी, पांढरी, पिवळी फुले एकाएकी वर येतात, त्यांना सरसकट ‘रेन लिली’ म्हटले जाते; परंतु त्यांत झेफिरँथिस या प्रजातीच्या अनेक जाती मिसळलेल्या असतात. विल्यम हर्बर्ट यांनी १८२१ मध्ये स्थापन केलेली ही प्रजाती मूळची अमेरिका खंडातील असून, तिचे नाते खऱ्या लिलीपेक्षा फुटबॉल लिलीशी अधिक जवळचे आहे.

खरा घोटाळा होतो तो झेफिरँथिस कॅरिनाटा आणि झेफिरँथिस रोझिया या दोन गुलाबी जातींत. पहिलीचे फूल मोठे, दुसरीचे जेमतेम तीन सेंटिमीटरांचे, हे खरे असले तरी दाटीने भरलेल्या कुंडीत मोठ्या जातीचीही फुले लहान राहतात आणि सावलीत रंग फिका पडतो, म्हणून केवळ आकार व रंग यांवर विसंबणे धोक्याचे ठरते. त्यापेक्षा फूल हाती घेऊन त्याच्या आत पाहावे. या फुलांत निदलपुंज व दलपुंज असा भेद नसतो. सहा सारख्या पाकळ्या, म्हणजे परिदले, तळाशी जुळून हिरवट नळी बनते, जी कॅरिनाटामध्ये सेंटिमीटरभर किंवा त्याहून लांब असते, तर रोझियामध्ये ती अगदीच आखूड असते. कॅरिनाटाची कुक्षी, म्हणजे पराग ग्रहण करणारे तीन फाट्यांचे टोक, पिवळ्या परागकोशांच्या बरेच पुढे आलेले दिसते. रोझियात मात्र ते परागकोशांच्या घोळक्यातच राहते. सुकलेल्या फुलातही पुष्कळदा टिकणारी ही खूण सर्वांत भरवशाची मानावी.

पांढरी झेफिरँथिस कँडिडा फुलाविनाही ओळखता येते, कारण तिची पाने चपटी नसून जाडसर, गोलाकार व गर्द हिरवी असतात. ती कांद्याच्या कोवळ्या पातीसारखी दिसतात, पण चुरगळल्यास कांद्याचा वास येत नाही. ही परीक्षा प्रत्येक बागवानाला ठाऊक असावी, कारण या वनस्पतीतील लायकोरीनसारखी अल्कलॉइडे विषारी असतात. पिवळी झेफिरँथिस सिट्रिना रंगामुळेच वेगळी पडते.

फिकट गुलाबी, एका बाजूला कललेल्या फुलांची हॅब्रँथस रोबस्टस पूर्वी निराळ्या प्रजातीत गणली जात असे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणाने तिलाही झेफिरँथिसमध्ये सामावून घेतले. तथापि नाव बदलल्याने लक्षण बदलत नाही: तिचे सहा पुंकेसर चार निरनिराळ्या उंचींचे असतात आणि फूल पुरते उमलल्यावर नुसत्या डोळ्यांनीही ते मोजता येतात.