चतुर्थीचा दिवस आणि गुरुजींचें घड्याळ

वकील, डॉक्टर इत्यादि मंडळींनीं आपल्या वेळेचा विनियोग कसा करावा, याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु अशिलास किंवा रोग्यास 'उद्यां या' म्हणतां तरी येतें. ज्याला तेंहि म्हणण्याची सोय नाहीं असा व्यावसायिक म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या दिवशींचा पुरोहित. आणि त्याची कसोटी पाहावयाची तर आमच्या दादरांत पाहावी.

पार्थिव गणेशाचें पूजन मध्यान्हीं करावें असें शास्त्र आहे. दिनमानाचे पांच भाग केले असतां तिसरा तो मध्यान्ह. सप्टेंबरच्या आरंभीं मुंबईस तो सुमारें ११-२० पासून १-५० पर्यंत येतो. (येथील सूर्य प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें चालतो, १९५५ पर्यंत 'मुंबई टाइम' म्हणून तीच वेळ या शहरांत पाळीत असत.) प्राणप्रतिष्ठेपासून आरतीपर्यंत सर्व विधि स्वस्थपणें करण्यास पाऊण तास हवा. म्हणजे मध्यान्हांत तीनच घरें होणार! घरें तर दहा-बारा; कांहीं हिंदु कॉलनींत, कांहीं टिळक पुलापलीकडे शिवाजी पार्काकडे. म्हणूनच पंचांगकर्ते पहाटेपासून मध्यान्हापर्यंत पूजनास मुभा देतात, तें योग्यच आहे. तथापि पहाटे पांचापासून आरंभ केला तरी दहा पूजांचे साडेसात तास वजा जातां दोन घरांमध्यें नऊ मिनिटेंहि धड उरत नाहींत. तेवढ्यांत जिने उतरावयाचे, पूल ओलांडावयाचा आणि पुन्हा जिने चढावयाचे!

असें असूनहि कित्येक गुरुजी भिडेस्तव तिघांना 'साडेनवास येतों' असें सांगतात. मग कोठें अंगपूजा गाळली जाते, तर कोठें पत्री एकदम वाहिली जाते. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गुरुजी श्रावणांतच यादी करतात. ती दक्षिणेच्या मानानें नव्हे, तर गल्लीच्या क्रमानें. अकराव्या घरास ते स्पष्ट नकार देतात. यजमान रुसतो खरा, परंतु दुसरी व्यवस्था करण्यास त्याला अवकाश मिळतो. ही खरी सचोटी असें आम्ही समजतों.

पण सर्व दोष गुरुजींच्या माथीं कां मारावा? ते दारांत उभे राहिल्यावर आमच्याकडे दूर्वा निवडावयास घेतात, आणि यजमान स्नानास जातो! घरोघर दहाच मिनिटें अशीं गेलीं, तरी दहाव्या घरचा गणपति दीड तास उशिरां बसतो. त्या घरचीं मुलें मोदकांकडे पाहत ताटकळतात. तें घर आपल्या ओळखीचें नसतें, म्हणून त्याची आठवण आपणांस होत नाहीं, इतकेंच.

पुण्यांत स्त्रियांना पौरोहित्याचें शिक्षण मिळूं लागल्यास आतां कित्येक दशकें लोटलीं. आमची नात मात्र आमच्यापाशींच बसून पूजाविधि शिकली, आणि गेलीं तीन वर्षें घरची पूजा तीच सांगते. गुरुजी आपलीं दहा घरें आटोपून, दोनच्या सुमारास, आमच्याकडे केवळ जेवावयास येतात.