हलकी चाकं, चिकट टायर आणि दांडीचा रस्ता

गाडीवेड्या माणसाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो, की त्याला कंपनीने दिलेली चाकं आवडेनाशी होतात. कर्जाचे हप्ते फिटलेले असतात, टायर झिजलेले असतात आणि मनात येतं, टायर बदलायचेच आहेत तर चाकंही बदलूया की! माझी गाडी 2014 ची पोलो जीटी. ही काही खरी स्पोर्ट्स कार नव्हे. चाकणला बनायची, 2022 मध्ये बंद झाली. पण आम्हा आयटीवाल्यांच्या बजेटमध्ये बसणारी आणि वळणावर हसू आणणारी गाडी तीच. बायकोला म्हटलं, "चाकं बदलतोय." ती म्हणाली, "नवी पण गोलच असतील ना?" ही मी परवानगी समजलो.

पहिला मोह अर्थातच 17 इंचांचा. माझं मूळ माप 185/60 आर15. म्हणजे टायरची रुंदी 185 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के, 111 मिलिमीटर. दुकानात सुचवलं गेलं ते 215/40 आर17. गंमत बघा, एकूण व्यास जवळजवळ तोच, 603 च्या जागी 604. स्पीडोमीटर बिघडत नाही आणि गाडी एकदम भारी दिसते. पण टायरची भिंत 111 वरून 86 वर येते. रस्ता आणि रिम यांच्यामध्ये हवेची जी गादी असते, ती पाऊणच उरते.

शिवाय वजन वाढतं ते वेगळंच. चाकाचं वजन हे डिकीतल्या बॅगेच्या वजनासारखं नसतं. एक म्हणजे ते स्प्रिंगच्या खालचं वजन. उंचवट्यावर चाक उडतं, आणि ते जितकं जड तितकं त्याला पुन्हा रस्त्याला चिकटवणं सस्पेंशनला कठीण जातं. चाक हवेत असताना ग्रिप शून्य. दुसरं म्हणजे चाक पुढेही जातं आणि स्वतःभोवती फिरतंही. म्हणून वेग घेताना चाकाच्या अगदी कडेचा एक किलो जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. टायर तर कडेलाच असतो! त्यामुळे महागडं हलकं रिम घेऊन त्यावर रुंद जड टायर चढवणं म्हणजे साखर नसलेल्या चहाबरोबर चार जिलब्या खाणं.

आता ज्यांना आपण खऱ्या स्पोर्ट्स कार म्हणतो त्यांच्याकडे पाहा. 1996 च्या लोटस एलिसचं वजन सव्वासातशे किलोंच्या आसपास होतं, आणि पुढच्या टायरची रुंदी फक्त 185. 1989 ची माझदा एमएक्स-5 तर 14 इंची चाकांवर धावायची. जपानच्या रेझ कंपनीचं प्रसिद्ध टीई37 हे चाक 1996 मध्ये आलं. त्याच्या नावातलं 37 म्हणजे 15 इंची चाकाचं 3.7 किलो वजन. थोडक्यात, ज्यांना पळायचं होतं ते वजन कमी करत होते. चाकांचा आकार वाढवायचं वेड बरंचसं दिसण्यासाठीचं.

माझा नेहमीचा रस्ता म्हणजे दांडीचा. महिन्या-दीड महिन्याने आईला घेऊन मामाकडे जातो. मनोरला महामार्ग सोडायचा, वाघोबा खिंडीतली वळणं घ्यायची (पोलो घेतल्याचं सार्थक इथे होतं), मग पालघर, उमरोळी, बोईसरजवळ एमआयडीसीचे ट्रक, आणि शेवटी समुद्राचा वारा. जुलैत ह्या रस्त्यावर खड्ड्यात पाणी आहे की पाण्यात खड्डा, हे चाक आत गेल्यावरच कळतं.

ऑफिसातल्या एका मित्राने पोलोलाच 17 इंची चाकं लावली होती. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला महामार्गावर एका खड्ड्यात रिम वाकलं, टायर फाटला. मागच्या सीटवर आजारी वडील, बाजूने सुसाट जाणारे ट्रेलर, आणि हा मोबाइलच्या उजेडात जॅक लावतोय. सगळे सुखरूप घरी पोचले. पण ते ऐकल्यावर मला माझ्या मागच्या सीटवरची आई दिसायला लागली, आणि 17 इंचांचा विषय संपला.

मामा तांडेल आहे, उभं आयुष्य बोटीवर गेलं. त्याला हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, "अरे, बोटीचं पण तेच. मोठा पंखा लावला की मशीन दमतं, डिझेल पितं. आपलं मशीन बघून पंखा लावायचा, शेजाऱ्याचा बघून नाही."

तर 15 इंचच ठेवायचं, पण हलकं घ्यायचं ठरलं. ओतीव चाक स्वस्त, पण मजबुतीसाठी धातू जास्त लागतो. फोर्ज्ड चाक सगळ्यात हलकं आणि मजबूत, पण चार चाकांच्या किमतीत माझी अर्धी गाडी येईल. मधला मार्ग फ्लो-फॉर्म्ड. चाक आधी ओततात, मग रिमचा भाग गरम करून रोलरखाली दाबून ताणतात. त्यामुळे तो पातळ होऊनही ताकद राखतो. इथे एक सावधगिरी. नुसतं हलकं म्हणून भुलू नका. प्रसिद्ध चाकांच्या नकला बाजारात ढिगाने मिळतात. चाकावर किती भार चालतो ते लिहिलेलं हवं, आणि जेडब्ल्यूएल, व्हीआयए असे चाचणीचे शिक्केही पाहा. ते शिक्केही नकली असू शकतात, म्हणून बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

दांडीने आणखी एक निर्णय करून टाकला. चकाकत्या डायमंड-कट चाकांवर उघड्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक लॅकर असतं. खडी लागून त्याला टवका उडाला, की खारं पाणी आत शिरतं आणि पांढऱ्या रेघा किड्यासारख्या पसरत जातात. जिथे बोंबील वाळतात तिथे असली चाकं काय टिकणार! म्हणून पूर्ण रंगवलेली, साधी राखाडी घेतली.

टायर 195/60 आर15. व्यास 615, म्हणजे दोनच टक्के जास्त, आणि गादी 117 मिलिमीटर. मूळ टायरचा भारांक 84, म्हणजे टायरमागे 500 किलो. ह्याचा 88, म्हणजे 560. ट्रॅकवरचे अगदी मऊ टायर मी बघितलेही नाहीत. खाचा कमी, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तरंगतात, आणि झिजतातही पटकन. टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. 200 म्हणजे मऊ आणि अल्पायुषी, 400 च्या पुढे टिकाऊ. शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगचं असतं, ते 'ए' किंवा 'एए' पाहा. शेवटचे चार आकडे जन्मतारखेचे. 3825 म्हणजे 2025 चा 38 वा आठवडा.

बसवताना दोन गोष्टींवर अडून राहिलो. पोलोच्या हबचा व्यास 57.1 मिलिमीटर, चाकाचं भोक मोठं असेल तर मधली रिंग हवीच, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. आणि मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, बाहेरच्या बहुतेक चाकांची शंकूसारखी. जुने बोल्ट नव्या चाकाला लावले तर ते नीट टेकत नाहीत आणि सैल होऊ शकतात. नवे बोल्ट, 120 न्यूटन-मीटरला आवळलेले, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासलेले.

जुनं आणि नवं चाक टायरसकट मामाच्या मासळीच्या काट्यावर तोललं. जुनं 16 किलोंच्या आसपास, नवं साडेचौदा. टायर रुंद होऊनही दीड किलो कमी! मामाने विचारलं, "एवढ्यासाठी एवढे पैसे?"

खरं सांगायचं तर गाडी काही रॉकेट झाली नाही. पण वाघोबा खिंडीत उखडलेल्या वळणावर पूर्वी मागची बाजू जराशी उडी मारायची, आता गाडी रेघ सोडत नाही. आणि परवा मनोरच्या अलीकडे धो-धो पावसात समोरच्या टँकरने अचानक ब्रेक मारला, तेव्हा आमची गाडी सरळ रेषेत, हातभर अंतर राखून थांबली. मागे आई झोपली होती, तिला जागही आली नाही.

असो. चाकं निवडण्याआधी कॅटलॉग बाजूला ठेवा आणि आपला नेहमीचा रस्ता एकदा भर पावसात, रात्री, घरच्यांना बसवून चालवून या. माप आपोआप ठरतं.