भंगारातला पक्षी

आमच्या नागपूरच्या महाल भागात चितार ओळी आहे. तेथील कारागीर बांबू, तणस आणि सुतळी यांचा सांगाडा बांधतात व त्यावर मातीची मूर्ती घडवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबत आणि बडग्यांची मिरवणूक निघते. पिवळ्या मारबतीची प्रथा 1885 पासूनची आहे. गल्लीतील मुलेही कागद, काड्या आणि टाकाऊ वस्तूंचे बडगे करतात. फेकून दिलेल्या वस्तूला रूप देणे आमच्या शहराला नवे नाही.

म्हणूनच कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना टाकाऊ वस्तू आणायला सांगितल्या. वर्गातील एका मुलाचे वडील हातगाडीवर भंगार गोळा करीत. मुले त्याला ‘भंगारवाला’ म्हणून चिडवीत. तो कोणाशी फारसे बोलत नसे. त्या दिवशी मात्र त्याने भरलेले पोते आणले. त्यात सायकलची साखळी, जुने कुलूप, वाकलेले चमचे, चिमटा आणि तारा होत्या.

मुले भोवती जमली. त्याने खिशातून लोहचुंबक काढले. “सर, लोखंड याला चिकटते. तांबे, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाही,” तो म्हणाला. मग त्याने रंग आणि वजन पाहून धातू कसे ओळखतात तेही दाखवले. हे माझ्या पुस्तकात नव्हते.

मी मुलांना चंदीगडच्या नेकचंद यांची गोष्ट सांगितली. ते सरकारी रस्ता निरीक्षक होते. फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरशांचे तुकडे जमवून त्यांनी अनेक वर्षे गुपचूप मूर्ती उभारल्या. ती बाग 1976 मध्ये लोकांसाठी खुली झाली. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पिकासो या चित्रकारानेही 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले होते.

मग आम्ही कामाला लागलो. गंज घासून काढला. धारदार कडा कानसने बोथट केल्या. कुलपाचे शरीर झाले, चमच्यांचे पंख, चिमट्याची चोच आणि साखळीची शेपटी. कोणता तुकडा कोठे शोभेल, हे मुले आता त्यालाच विचारू लागली.

काही दिवसांनी त्याचे अब्बा शाळेत आले. बराच वेळ ते पक्ष्याकडे पाहत राहिले. “सर, मी आजवर या वस्तूंचे फक्त वजन केले,” ते म्हणाले.

मुलांनो, वस्तू मोडली तरी तिचा आकार आणि गुण शिल्लक असतात. ते ओळखणारी नजर हवी. ती नजर हातगाडी ढकलणाऱ्या माणसाकडेही असते. त्याला हाक मारताना हे लक्षात ठेवा.