‘मला नको’पासून सुरुवात

ऑफिसातल्या अमराठी मंडळींना दर शुक्रवारी मराठी शिकवायचं मी हौसेनं कबूल केलं आणि एका रात्रीत एक्सेलमध्ये अभ्यासक्रम तयार केला. आधी मुळाक्षरं, मग तीन लिंगं, मग विभक्ती, मग वाक्यं. प्रत्येक धडा आधीच्या धड्यावर अवलंबून. शेवटी इंजिनिअरच मी! पहिल्या दिवशी अकरा जण आले, तिसऱ्या शुक्रवारी चार. ‘तो दिवा, ती वही, ते पुस्तक’ घोकायला शुक्रवारी संध्याकाळी कोण थांबेल?

उरलेल्यांत मदुराईची एक टेस्टर होती. मराठी कशाला हवीय, असं मी तिला विचारलं. तिची मुलगी दिवसभर पाळणाघरात, काकूंच्या मराठीत वाढत होती. रात्री रडताना ती काय म्हणते, ते आईला कळत नव्हतं. तिनं फोनवर रेकॉर्डिंग ऐकवलं. “मला नको. मला नको ना.”

माझ्या शीटमध्ये ‘मला’ सातव्या आठवड्यात होतं. ‘नको’ तर कुठेच नव्हतं.

अर्थ सांगताच ती म्हणाली, “एनक्कु वेण्डाम!” एनक्कु म्हणजे मला, वेण्डाम म्हणजे नको. घडण हुबेहूब तीच. हिंदीत ‘नको’ला असा एकच शब्द नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’मधला फरकही तमिळमध्ये आहे: नांगळ आणि नाम. आमच्या बिहारी मित्राकडे मी, आम्ही, आपण या तिन्हींना मिळून एकच ‘हम’! मला वाटलं होतं, सगळ्यात जास्त तीच अडखळेल. अडखळली, पण फक्त लिंगांपाशी. तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष भेद नसतो.

मी शीट उलटी केली. पहिला धडा: मला पाहिजे, मला नको, मला येतं. यात बोलणारी बाई की पुरुष, यावरून क्रियापद बदलत नाही. ‘मी जातो, मी जाते’ मात्र पहिल्याच वाक्याला परीक्षा घेतं. दुसरा धडा प्रश्नांचा, कारण ‘काय नको?’ हे तिला त्याच रात्री मुलीला विचारायचं होतं. लिंग चुकलं तर मध्येच टोकायचं नाही, असंही ठरवलं. ‘माझा मुलगी’ ऐकलं की अजून जीभ वळवळते.

गेल्या शुक्रवारी ती तक्रार घेऊन आली. पाळणाघरातून निघताना ती काकूंना म्हणाली, “आम्ही जातो.” मुलीनं तिथेच दुरुस्त केलं, “आम्ही नाही, आपण!”

मी म्हटलं, दोघीही बरोबर. तू काकूंशी बोलत होतीस, ती तुझ्याशी.