किड चॉकलेटच्या शहरात

हवानाला येणारा प्रवासी बंदराच्या मुखावर पहारा देणारा मोर्रोचा किल्ला पाहतो, जुन्या शहरातील चौक पाहतो आणि सायंकाळी मालेकोनच्या समुद्रतटावर वारा खात बसतो. शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या सेरो या विभागाकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. मला मात्र प्रथम तेथेच जायचे होते. 1910 साली याच विभागातील एका दरिद्री कृष्णवर्णीय कुटुंबात एलिहिओ सार्दिन्यास माँताल्वो नावाचा मुलगा जन्माला आला, आणि पुढे ‘किड चॉकलेट’ या नावाने तो क्यूबाचा पहिला व्यावसायिक जगज्जेता मुष्टियोद्धा झाला. त्याच्या लढतींची हकिकत मी पूर्वी अनेकदा वाचली होती. परंतु ज्या गल्ल्यांतून तो न्यूयॉर्कच्या झगमगाटात गेला आणि ज्या गल्ल्यांत तो परत आला, त्या पाहिल्यावाचून त्या हकिकतीचा अर्थ लागावयाचा नाही असे मला नेहमी वाटत आले होते.

सेरोचा राजरस्ता म्हणजे हवानाच्या वैभवाची आणि विपन्नावस्थेची एकाच वेळी वाचता येणारी बखर आहे. अल्मेन्दारेस नदीचे पाणी शहरात आणणारा जो कालवा स्पॅनिश अंमलात 1592 साली पुरा झाला, त्याच्या आश्रयाने ही वस्ती वाढली. आणि एकोणिसाव्या शतकात, जेव्हा साखरेच्या व्यापाराने गबर झालेल्या सरदार-सावकारांना जुन्या शहराची गर्दी, उष्मा आणि साथीचे रोग नकोसे झाले, तेव्हा त्यांनी या रस्त्याच्या दुतर्फा उद्याने आणि स्तंभयुक्त ओसऱ्या असलेले वाडे उभारले. पुढे ही मंडळी समुद्राकाठच्या नव्या वस्त्यांकडे निघून गेली आणि वाड्यांच्या दालनांत फळ्यांच्या भिंती उभ्या राहून एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागले. आपल्या गिरगावातील चाळीत वाढलेल्या माणसाला या घरांतील सामाईक नळ, कठड्यावर वाळणारे कपडे आणि एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात मोकळेपणाने जाणारा आवाज यांची निराळी ओळख करून द्यावी लागणार नाही. ओसरीचे स्तंभ मात्र अद्याप उभे आहेत. त्यांचा गिलावा गळला आहे, मूळचा रंग कोणता होता हे सांगणे कठीण झाले आहे, आणि त्यांच्या सावलीत मुले चेंडूफळी खेळतात.

क्यूबात गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली ती 1886 साली; म्हणजे एलिहिओ जन्मला तेव्हा त्या घटनेला पुरते पाव शतकही उलटले नव्हते, आणि ज्यांच्या श्रमावर हे वाडे उभे राहिले होते त्यांपैकी कित्येक वृद्ध स्त्रीपुरुष याच रस्त्याने हिंडत होते. बालपणी तो रस्त्यावर वर्तमानपत्रे विकत असे. तो पाच वर्षांचा असताना, 5 एप्रिल 1915 रोजी, शहराच्या पश्चिमेकडील मारियानाओच्या घोडशर्यतीच्या मैदानावर जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता जेस विलार्ड या गोऱ्या मल्लाकडून सव्विसाव्या फेरीत पराभूत झाला. पंचेचाळीस फेऱ्यांची लढत ठरली होती! अमेरिकेत खटल्यात दोषी ठरून परागंदा झालेल्या जॉन्सनला स्वदेशात उभे राहणे अशक्य होते, म्हणून हा सामना हवानाच्या पदरात पडला. मुष्टियुद्ध या शहरात अमेरिकनांबरोबर आले, त्यांच्या वर्तमानपत्रांबरोबर आणि त्यांच्या डॉलरांबरोबर वाढले, आणि वर्णाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत होता, हे ध्यानात ठेवल्याखेरीज पुढील कथा समजत नाही.

वर्तमानपत्रे विकणाऱ्या पोरांच्या लढतींतून एलिहिओ पुढे आला आणि लुईस गुतिएर्रेस, ज्याला सारे शहर ‘पिंचो’ म्हणून ओळखत असे, त्या क्रीडापत्रकाराच्या नजरेत भरला. पिंचो त्याचा व्यवस्थापकही झाला आणि वस्तादही. थोर मुष्टियोद्ध्यांच्या लढतींचे चलत्चित्रपट त्याने या मुलाला पुनःपुन्हा दाखविले, आणि जो गान्स व बेनी लिओनार्ड यांचे पदलालित्य त्या मुलाने पडद्यावरून उचलून आपल्या अंगी मुरविले, असे सांगतात. शंभर हौशी लढती आणि शंभरही विजय, ही जी ख्याती त्याच्या नावापुढे पुढे लावली गेली, ती संशोधकांनी जुनी दप्तरे चाळल्यावर टिकली नाही. प्रत्यक्ष लढतींची संख्या पुष्कळच कमी निघाली. परंतु ज्या तरुणाने न्यूयॉर्कमध्ये पाऊल ठेवताच तेथील जाणत्यांना स्तिमित केले, त्याला या अतिशयोक्तीची गरजच नव्हती.

सेरोतून मी प्रादो या रुंद मार्गावर आलो. तेथे कॅपिटोलिओचा अजस्र घुमट दृष्टीस पडतो. हेरार्दो माचादो या राष्ट्राध्यक्षाने उभारलेल्या या इमारतीचे उद्घाटन 20 मे 1929 रोजी झाले. घुमटाखालच्या फरशीत बसविलेल्या हिऱ्यापासून साऱ्या क्यूबाच्या रस्त्यांची अंतरे मोजण्याचा प्रघात पडला. वास्तविक साखरेचा भाव तेव्हा ढासळला होता. 1920 च्या मे महिन्यात पौंडाला बावीस सेंटांच्या वर चढलेला दर त्याच वर्षअखेर चार सेंटांच्या खाली आला होता, पेढ्या बुडाल्या होत्या, ऊस तोडणाऱ्यांच्या घरी अन्न नव्हते. आणि अशा दिवसांत संगमरवर आणि सोने यांनी नटलेले हे विधिमंडळ दरिद्री प्रजेच्या डोळ्यांसमोर उभे राहत होते. त्याच 1929 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर किड चॉकलेटने अॅल सिंगरला नमविले. क्यूबाच्या सामान्य माणसाला त्या वर्षी आपले म्हणून अभिमानाने काय दाखविता आले असेल, तो घुमट की तो एकोणीस वर्षांचा मुलगा, याबद्दल माझ्या मनात तरी संदेह नाही. निकोलास गियेन या थोर कवीने त्याच वर्षी या मुष्टियोद्ध्यावर एक छोटे स्तोत्र लिहिले. त्यात कौतुकाइतकीच भीती आहे. आपल्या देशाच्या साखरेप्रमाणे हा देहही उत्तरेकडच्या पेठेत विकला जात आहे, ही जाणीव कवीला तेव्हाच झाली होती.

आणि तो देह केवढा सुंदर लढत असे! उंचीने बेताचा, बांध्याने सडपातळ, डावा हात सतत पुढे खेळता ठेवून प्रतिपक्ष्याला अंतरावर रोखणारा, आणि ठोसा येण्यापूर्वीच तेथून निघून गेलेला असा हा योद्धा बळापेक्षा बुद्धीने जिंकत असे. 7 ऑगस्ट 1930 रोजी इंग्लंडच्या जॅक बर्गने त्याला प्रथमच हरविले, तेही पंचांत मतभेद होऊन. त्याच वर्षअखेर फिडेल लाबार्बा आणि बॅटलिंग बॅटलिनो यांच्याकडूनही त्याला हार पत्करावी लागली, आणि सूर्य मावळला असे पुष्कळांना वाटले. परंतु 15 जुलै 1931 रोजी फिलाडेल्फियात बेनी बास याला सातव्या फेरीत थांबवून त्याने 130 पौंडांच्या ज्युनिअर लाइटवेट गटाचे जगज्जेतेपद मिळविले. नोव्हेंबरात टोनी कॅन्झोनेरीविरुद्ध पंधरा फेऱ्या लढून तो निसटत्या निर्णयाने हरला; त्या लढतीचे खरे माप विजयपराजयाच्या खात्यात मांडता येत नाही, कारण तिच्यात दोघेही आपापल्या सामर्थ्याच्या शिखरावर होते. ऑक्टोबर 1932 मध्ये ल्यू फेल्डमनला बाराव्या फेरीत नमवून त्याने न्यूयॉर्कच्या मंडळाचे फेदरवेट पदही आपल्याकडे घेतले.

या यशाच्या वार्ता ज्या हवानात येत होत्या, ती हवाना तेव्हा रक्ताने माखत होती. जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला, कूबा नावाच्या रस्त्यावर, दोन इमारतींच्या मधल्या उघड्या अंगणात एक तालीम आहे. गंजलेल्या लोखंडी पायऱ्यांची बैठक, मध्ये दोऱ्यांचे रिंगण, डोक्यावर पत्रा, आणि हातमोजे एकमेकांकडून उसने घेऊन सराव करणारी मुले, एवढाच तिचा सरंजाम. तिला नाव दिले आहे राफाएल त्रेहो याचे. हा कायद्याचा विद्यार्थी. 30 सप्टेंबर 1930 रोजी माचादोच्या जुलमाविरुद्ध निघालेल्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळीने मारला गेला. किड चॉकलेटला आयुष्यातील पहिल्या पराभवाची चव कळली त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत हे घडले. पुढे 12 ऑगस्ट 1933 रोजी सार्वत्रिक संपापुढे हतबल झालेला माचादो देश सोडून पळाला. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कॅन्झोनेरीने चॉकलेटला दुसऱ्याच फेरीत जमिनीवर लोळविले, डिसेंबरअखेर फ्रँकी क्लिकने फिलाडेल्फियात त्याचे जगज्जेतेपदही काढून घेतले. देशाचे जुने दिवस आणि या योद्ध्याचे चांगले दिवस एकाच वर्षी संपले.

त्याच्या उतरणीचे कारण केवळ प्रतिपक्ष्यांचे ठोसे नव्हते. हार्लेममधील रात्री, शिंप्याकडून सतत येणारे नवे पोशाख, आणि त्या आयुष्यक्रमातून जडलेले आजारपण यांनी त्याचे पाय जड केले. परंतु या उधळपट्टीबद्दल त्याला बोल लावणाऱ्यांनी हेही पाहावे की अठरा वर्षांच्या निरक्षरप्राय मुलाच्या हाती एकाएकी पैसा देणाऱ्या त्या पेठेने तो पैसा राखण्याची कसलीही व्यवस्था केली नव्हती. पिंचोच्याच पथकात ‘ब्लॅक बिल’ या नावाने लढणारा एलादिओ वाल्देस 1930 साली फ्लायवेट जगज्जेतेपदासाठी लढला. त्याने पुढे डोळे गमावले आणि 1933 मध्ये न्यूयॉर्कमध्येच आपल्या आयुष्याचा शेवट करून घेतला. किड चॉकलेट निदान जिवंत परतला. 1938 साली त्याने हातमोजे खुंटीला टांगले.

त्रेहो तालमीच्या पायऱ्यांवर बसलो असताना शेजारच्या एका वृद्ध गृहस्थाने 1962 चा विषय काढला. त्या वर्षी 19 मार्चला क्रांतिकारी सरकारच्या क्रीडाखात्याने फर्मान काढून देशातील सारे व्यावसायिक खेळ बंद केले. माणसाच्या शरीराचा व्यापार आता होणार नाही, असा त्या हुकमाचा आशय होता. पाचच दिवसांनी, 24 मार्चच्या रात्री, सांता क्लाराकडून आलेला आणि मुळात ऊसतोड करणारा बेनी पारेत हा क्यूबन योद्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथच्या ठोशांखाली बेशुद्ध पडला आणि 3 एप्रिलला मरण पावला. त्या फर्मानामागील तत्त्वाला याहून भयंकर पुरावा मिळणे शक्य नव्हते. त्या तत्त्वाच्या छायेत तेओफिलो स्टीव्हन्सन घडला. 1972, 1976 आणि 1980 अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवूनही त्याने अमेरिकेतील लक्षावधी डॉलर नाकारले. हेक्टर व्हिनेंटसारखा दोन वेळचा सुवर्णविजेता याच अंगणात मुलांना शिकवीत आला आहे. क्यूबन विद्येची ही कीर्ती आपल्यापर्यंतही पोचली. भारतीय मुष्टियोद्ध्यांना घडविणारे ब्लास इग्लेसियास फर्नांडेझ यांना 2012 साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तो परदेशी प्रशिक्षकाला मिळालेला पहिलाच होय.

तथापि त्या फर्मानाची दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. होसे नापोलेस, शुगर रामोस, लुईस रॉद्रिगेस हे अव्वल योद्धे पोटाच्या विद्येसाठी देशाबाहेर राहिले आणि मेक्सिको किंवा मायामीहून जगज्जेते झाले. स्वदेशाच्या दप्तरातून त्यांची नावे जणू खारीज झाली. देशातच राहिलेल्या किड चॉकलेटच्या वाट्याला निराळी शिक्षा आली. ज्या व्यवसायाला सरकारने कलंकित ठरविले होते त्याचाच तो सर्वांत मोठा मानकरी असल्यामुळे, हवानातील आपल्या जुन्या घरात तो वर्षानुवर्षे विस्मृतीत राहिला. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस सरकारला त्याची पुन्हा आठवण झाली. 8 ऑगस्ट 1988 रोजी हवानातच त्याचे निधन झाले.

कॅपिटोलिओच्या समोर, प्रादोच्या दुसऱ्या कडेला, त्याचे नाव दिलेले क्रीडागृह आहे. मी गेलो तेव्हा त्याचे दार बंद होते आणि बाहेर वाहनाची वाट पाहणाऱ्यांची रांग लागली होती. त्यांतील एका तरुणीला मी नावाबद्दल विचारले तेव्हा तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, ‘‘चॉकलेट? तो सेरोचा.’’ हे क्रीडागृह 1991 च्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभारले गेले. आणि त्याच वर्षी अमेरिकेतील कॅनस्टोटा येथील आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध सन्मानदालनातही त्याचे नाव दाखल झाले. ज्या दोन देशांनी त्याच्या आयुष्यावर हक्क सांगितला, त्या दोघांनीही त्याला मान दिला तो त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

मे 2022 मध्ये मेक्सिकोतील आग्वासकालिएंतेस शहरी क्यूबाचे मुष्टियोद्धे सरकारच्या संमतीने पुन्हा व्यावसायिक लढतींसाठी रिंगणात उतरले. साठ वर्षांची बंदी उठली. मिळकतीचा ऐंशी टक्के वाटा योद्ध्याचा, असे अधिकाऱ्यांनी जाहीर केले आहे. 1962 चे फर्मान ज्या अन्यायावर बोट ठेवीत होते तो अन्याय खरा होता, असे माझे ठाम मत आहे. पण त्यावरचा उपाय योद्ध्याची कमाई बंद करणे हा नव्हता, तर ती कमाई आणि त्याचे म्हातारपण यांचे रक्षण करणे हा होता. हवानाला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने कॅपिटोलिओचा घुमट अवश्य पाहावा, पण त्याआधी सेरोच्या राजरस्त्याने एकदा पायी चालून यावे.