फौजा परतल्यानंतर

संत फ्रान्सिस झेवियरचे नाव आम्हां पश्चिम किनाऱ्यावरील कॅथॉलिकांच्या कितीतरी घरांत आहे. तेच नाव व्हिएतनाममधील एका बालकाला बाप्तिस्म्यात मिळाले होते: फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन. परक्या भूमीवरून फौजा मायदेशी गेल्या म्हणजे मागे काय उरते, असा प्रश्न निघाला की आम्हांला सेनापतींआधी हा धर्मगुरू आठवतो.

२७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिसमध्ये करार झाला आणि दोन महिन्यांत अमेरिकेच्या अखेरच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनाममधून निघाल्या. या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक कामी आले होते. तिकडच्या आईबापांनी आपली मुले परत मागितली, यात गैर ते काय? आम्ही त्यांना बोल लावणार नाही. परंतु त्याच कराराने उत्तरेच्या फौजा दक्षिणेत होत्या तिथेच राहू दिल्या. पुढे अमेरिकन काँग्रेसने दक्षिणेच्या मदतीचा हातही आखडता घेतला. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले.

दक्षिणेतील अनेक कॅथॉलिक कुटुंबांवर परागंदा होण्याची ही दुसरी पाळी होती. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर ८ लाखांहून अधिक लोक उत्तर सोडून दक्षिणेत आले होते. त्यांत बहुसंख्य आपलेच धर्मबांधव. (त्या कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, याचे स्मरण आज फारसे कोणाला नाही.) आता जमिनीवर पुढे जायला जागाच उरली नव्हती. लोक मासेमारीच्या होड्यांत बसले. १९७५ नंतरच्या वीस वर्षांत सुमारे ८ लाख माणसे अशी परमुलखाच्या किनाऱ्याला लागली. हजारो वाटेतच बुडाली. दर्यावर पोट असलेल्या आमच्या कोळीवाड्यांना त्या होड्या किती लहान होत्या हे सांगावे लागू नये.

थुआन मात्र गेले नाहीत. सायगाव पडण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी पोप सहावे पॉल यांनी त्यांना तेथील सहायक आर्चबिशप नेमले होते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीच, त्यांना अटक झाली. तेरा वर्षे बंदिवास, त्यांतली नऊ एकांतकोठडीत. खटला नाही. पोटदुखीचे औषध म्हणून भाविकांनी द्राक्षारसाची लहानशी बाटली आत पाठवली. तळहातावर तीन थेंब द्राक्षारस, एक थेंब पाणी. तीच वेदी, तोच चषक. पहारेकरी त्यांच्या सहवासात बिघडतात म्हणून वरिष्ठ त्यांना वरचेवर बदलू लागले! त्यांच्यापैकीच एकाने पुढे त्यांना विजेच्या तारेचा तुकडा आणि पक्कड आणून दिली. लाकडाचा क्रूस त्यांनी आधीच करून साबणात लपवला होता; त्याला या तारेची साखळी झाली. तो क्रूस त्यांनी पुढे कार्डिनल झाल्यावरही गळ्यात घातला.

१९८८ मध्ये ते सुटले. १९९१ मध्ये रोमला गेले आणि सरकारने परतीची वाट बंद केली. अमेरिकेने व्हिएतनामशी १९९५ मध्ये राजनैतिक संबंध जोडले, व्यापारही जोमात सुरू झाला. थुआन २००२ मध्ये रोममध्येच निवर्तले. पोपमहोदयांचा निवासी प्रतिनिधी नेमला जाण्यास २०२३ साल उजाडावे लागले.