वहिनींचं दुकान आणि तुझं दुकान

नाशिक, गंगापूर रोड
मार्गशीर्ष

प्रिय ठमाबाई,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. निम्मा बर्फाला शिव्या घालण्यात गेला आणि उरलेल्यात तू एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारलास: येवल्याच्या पैठणीच्या पर्स आणि जॅकेटं तिकडे कॅनडात ऑनलाइन विकायची, तर दुकानाचं कुठलं सॉफ्टवेअर सोपं? वर 'वहिनींनी घेतलंय तेच मी घेते' असं जाहीरही करून टाकलंस. जरा थांब. वहिनींनी घेतलं ते तू घेऊ नयेस, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगायलाच हे पत्र.

वहिनींचा पसारा तुला ठाऊक आहे. उडदाचे पापड, चिवडा, लिंबाचं लोणचं, आणि पिंपळगावच्या बागेतल्या द्राक्षांचे मनुके. साइट सुरू होईपर्यंत दुकान म्हणजे व्हॉट्सॲप. कोणी लिहायचं 'नेहमीचं पाठवा', कोणी यूपीआयचा स्क्रीनशॉट टाकून पत्ता द्यायला विसरायचं, कोणी रात्री साडेअकराला विचारायचं 'चिवडा कमी तिखट मिळेल का?' ऑर्डरी वहिनींच्या लाल वहीत, पैसे दादाच्या खात्यात, आणि कुणाचं पार्सल गेलं, कुणाचं राहिलं हे फक्त भाचीच्या डोक्यात. वर्षभर हे निभतं. दिवाळीच्या तोंडावर निभत नाही. शेवटचे दहा पुडे उरलेले असतात आणि तेच दहा पुडे तिघींना कबूल केलेले असतात. मग वहिनी परत कढई चढवतात.

म्हणजे सॉफ्टवेअर हवं होतं ते या तीन माणसांच्या तीन वह्या एक करायला. रंगीबेरंगी पान, हलणारी चित्रं, 'फक्त दोनच शिल्लक!' अशी घाबरवणारी पाटी, हे सगळं नंतरचं. गिऱ्हाइकाने पैसे भरले की साठ्यातून आपोआप वजा व्हावं, पत्ता नीट लिहून यावा, आणि बिल निघावं. बस. (गिऱ्हाइकाने वस्तू उचलून ठेवल्या हे दुकान लक्षात कसं ठेवतं, हे मला नेहमी कोडं वाटायचं. ब्राउझरच्या ज्या 'कुकी'ला आपण न वाचता होकार देतो ना, ती १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुलीने काढली, ती याच कामासाठी: ग्राहकाचं अर्धवट राहिलेलं कार्ट दुकानदाराच्या सर्व्हरऐवजी ग्राहकाच्याच संगणकात राहावं म्हणून.)

आता तुझ्या गावची गोष्ट. दुकानाचं सॉफ्टवेअर विकणारी शॉपिफाय ओटावाचीच, हे तुला तिथे राहून माहीत नव्हतं, कमाल आहे! टोबी ल्युट्के नावाचा जर्मनीतून आलेला मुलगा २००४ मध्ये तिथून ऑनलाइन स्नोबोर्ड विकायला निघाला. दुकानाचं नाव स्नोडेव्हिल. बाजारातली तयार सॉफ्टवेअर त्याला पटेनात, म्हणून त्याने स्वतःच लिहिलं, आणि २००६ मध्ये स्नोबोर्ड बाजूला ठेवून ते सॉफ्टवेअरच विकायला काढलं. दुकानदाराने दुकानदारासाठी केलेलं असल्याने ते सोपं आहे, यात वाद नाही. सर्व्हर त्यांचा, सुरक्षा त्यांची, अपडेट त्यांचे. तू फक्त फोटो चढवायचे आणि दरमहा भाडं भरायचं.

मग वहिनींनी का नाही घेतलं? हिशेबामुळे. शॉपिफायची स्वतःची पैसे घेण्याची सोय भारतात नाही. इथे रेझरपेसारखा दुसरा गेटवे जोडावा लागतो. गेटवे साधारण दोन टक्के घेतो आणि त्या रकमेवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे हजाराच्या ऑर्डरीला तेवीस रुपये साठ पैसे. शिवाय बाहेरचा गेटवे वापरला म्हणून शॉपिफाय आपल्या बेसिक योजनेत आणखी दोन टक्के लावते, म्हणजे वर वीस रुपये, आणि महिन्याचं भाडं वेगळंच. पापडाच्या धंद्यात सुटतं किती, ते तुझ्या आईला विचार. तुला कॅनडात त्यांची स्वतःची सोय वापरता येते, त्यामुळे हे जादा दोन टक्के तुला लागतच नाहीत. तुझ्याकडे जे स्वस्त, ते वहिनींना महाग.

वहिनींनी घेतलं वूकॉमर्स. ते वर्डप्रेसवर बसतं. २०११ मध्ये आलं, २०१५ मध्ये वर्डप्रेसवाल्या ऑटोमॅटिकने विकत घेतलं, आणि स्वतः फुकट आहे. फुकट म्हणजे कसं, तर डोमेन आणि होस्टिंगचे पैसे तुमचे, बॅकअपची काळजी तुमची, आणि एखादं प्लगइन अपडेट केल्यावर चेकआउटचं पान पांढरं पडलं तर धावपळही तुमची. एकटीने चालवायचं असेल तर मी कुणालाही हे सुचवणार नाही. होस्टिंगसाठी तर गावातच, सातपूर एमआयडीसीत, ईएसडीएसचं डेटा सेंटर आहे. 'आपलं दुकान सातपुरात ठेवता येईल का गं?' असं वहिनींनी विचारलं होतं, जणू गाळाच भाड्याने घ्यायचाय. शेवटी भाचीच्या ओळखीतल्या एका मुलाला वर्षाच्या करारावर धरलं. होस्टिंग, अपडेट, बॅकअप सगळं तो बघतो.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की वूकॉमर्समध्ये 'शॉप मॅनेजर' म्हणून वेगळं खातं देता येतं. त्या खात्यातून ऑर्डरी, माल, किमती हाताळता येतात, पण प्लगइनला हात लागत नाही. वहिनी तेवढंच उघडतात. मनुके संपले की रात्री अकराला पलंगावर बसून मोबाइलवरून साठा शून्य करतात आणि झोपतात. निवडताना आम्ही याच बाईला डोळ्यांसमोर ठेवलं. डेमो दाखवायला आलेला माणूस स्क्रीनवर भराभर बोटं फिरवतो तेव्हा सगळंच सोपं दिसतं. आम्ही फोन वहिनींच्या हातात दिला आणि म्हटलं, चिवड्याची किंमत बदला. जिथे त्यांना विचारावं लागलं, ते बाद.

कराचा भाग कंटाळवाणा, पण खरी परीक्षा तिथेच. पापडावर जीएसटी शून्य, मनुक्यांवर पाच टक्के, चिवडा आणि लोणचं सुरुवातीला बारा टक्के. एकाच डब्यात तेव्हा तीन दर! आणि पुड्यावरची एमआरपी सगळे कर धरून असते, म्हणून सॉफ्टवेअरने कर वर चढवायचा नाही, किमतीतून उलटा काढायचा. एकशे पाच रुपयांच्या मनुक्यांत पाच रुपये कर. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये हे मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर ते बिलाच्या शेवटी कर जोडून गिऱ्हाईक पळवून लावतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, चिवडा आणि लोणचं बारावरून पाचवर आले. वहिनींनी सकाळी घट बसवले, दुपारी दर बदलले.

कुरिअरचं गणित तुलाही लागेल, म्हणून नीट वाच. हलक्या पण फुगीर मालाला कुरिअरवाले काट्यावरचं वजन धरत नाहीत, आकारमानाचं धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक जण पाच हजारांनी भागतात. तीस, पंचवीस, वीसचा खोका म्हणजे तीन किलो, मग आत चिवडा किलोभरच असेना का. तुझी जॅकेटं तशीच फुगणार. त्यामुळे प्रत्येक वस्तूला वजनाबरोबर मापंही नोंदवता येतात का, ते आधी बघ. बाकी सगळा डोलारा सहा आकडी पिनकोडवर उभा. पिनकोड १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला आणि काढला आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल खात्यातल्या संस्कृत कवीने. पिनकोडवरूनच वहिनींनी नाशिक शहराचा वेगळा विभाग केलाय आणि कॅश ऑन डिलिव्हरी तेवढ्यापुरतीच ठेवली आहे. लांबच्या गिऱ्हाइकाने दारातून पार्सल परत पाठवलं की जाण्याचं भाडं आपल्या अंगावर, येण्याचंही आपल्याच, आणि चिवड्याचा तोवर भुगा.

हो, एक राहिलंच. आपल्याकडच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. ते पद दादाला मिळालंय. जन्मात पहिल्यांदाच अधिकारी झाल्यामुळे तो फोन फार गंभीर आवाजात घेतो.

तर तू शॉपिफाय घे. तू एकटी, नोकरी सांभाळून करणार, अपडेट बघायला तुझ्याकडे भाचीच्या ओळखीतला मुलगा नाही. माल थोडा आणि किमतीचा, त्यामुळे महिन्याचं भाडं अंगावर येणार नाही. वर्षाला तीस हजार डॉलरच्या आत विक्री असेल तर तुला कराची नोंदणीही सक्तीची नाही. पुढे वाढलीस तर मात्र ओंटारिओत तेरा टक्के, आणि नदीपलीकडे गातिनोला पाठवलंस की क्वेबेकचा हिशेब वेगळा. तो ते सॉफ्टवेअर करतं. एक मात्र पहिल्या महिन्यातच कर: ग्राहकांची आणि वस्तूंची यादी फाइलमध्ये उतरवून घेऊन बघ. भाड्याच्या जागेतून उद्या निघायची वेळ आली तर सामान बाहेर काढता आलं पाहिजे.

आणि पर्सच्या वर्णनात हातमाग की यंत्रमाग ते स्वच्छ लिही. येवल्याची आणि पैठणची पैठणी २०१० पासून भौगोलिक मानांकनात आहे, पण ते नाव लावून पॉवरलूमचा माल खूप खपतो, आणि तिकडच्या बायकांना पदर उलटा करून बघायला मिळणार नाही. मागच्या बाजूचा फोटो टाकच. मापं इंचांत पाठवलीस तरी चालेल, खोक्याचं गणित मी इथून करून देते.

वहिनी विचारतात, तुला पापड मिरीचे हवेत की साधे? त्यांना म्हटलं, ऑर्डर साइटवरून येईल. तर म्हणाल्या, तिच्याकडून कसले पैसे घ्यायचे! तेव्हा पत्ता मलाच कळव, पोस्टल कोडसकट.

तुझी,
नाशिककर